कॉलेज फुटबॉल : मुलाने ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव घालावं का?

शेवंती (21 डिसेंबर 2025, रात्री)

नमस्कार मंडळी. मी पेनसिल्व्हेनियात राहते. मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकल इंजिनिअरिंग करतोय आणि तिथल्या फुटबॉल संघात किकर आहे, म्हणजे चेंडू पायाने उडवणारा. शाळेत सॉकर खेळायचा. अकरावीत एका कोचने त्याचा पाय बघितला आणि म्हणाला, हा चेंडू उचलून बघ. तेव्हापासून आमच्या मागच्या अंगणात तीन पायांचं लोखंडी स्टँड रोवलेलं आहे आणि शेजाऱ्यांच्या कुंपणापलीकडून चेंडू आणायचं काम माझं आहे.

कॉलेज छोटं आहे, वरच्या गटातलं नाही, एफसीएस म्हणतात त्यातलं. तो वॉक-ऑन आहे, म्हणजे खेळाची स्कॉलरशिप नाही. जुन्या कोचने सांगितलं होतं की वसंतात स्कॉलरशिप देतो. तोंडी. तो कोच या महिन्यात दुसरीकडे गेला. नवा कोच आपल्या आधीच्या कॉलेजचा किकर सोबत घेऊन येतोय असं मुलं म्हणतात.

कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नावं ज्या ऑनलाइन यादीत चढतात ते ट्रान्सफर पोर्टल 2 ते 16 जानेवारी उघडं असेल. मुलगा म्हणतो नाव घालतो. नवरा म्हणतो, एकदा हात दिलाय तर चार वर्षं तिथेच काढायची. माझ्या जिवाला घोर लागलाय. आणि मुळात, दर वर्षी कॉलेज बदलायची ही मोकळीक बरोबर आहे का? तुम्हाला काय वाटतं?

---

झुळूक

हा हाताने खेळायचा फुटबॉल ना? नागपुरात बसून विचारतेय, रागावू नका.

---

शेवंती

हो, तोच. पण आमचा मुलगा पायानेच खेळतो. :)

---

जुना_ऑस्टिनकर

शेवंतीताई, मी 1994 पासून टेक्सासात आहे आणि हा खेळ तेव्हापासून बघतोय. आधी जुने नियम सांगतो, म्हणजे आज मुलाच्या हातात काय आहे ते कळेल.

पूर्वी कॉलेज बदलायचं तर आधीच्या कोचची परवानगी लागायची. परवानगी नसेल तर नवं कॉलेज स्कॉलरशिप देऊ शकत नसे. कोच नावानिशी सांगायचे, या या कॉलेजांत जायचं नाही. शिवाय बदली झाली की एक वर्ष बाहेर बसायचं. सराव करा, वर्गात बसा, पण सामना नाही. पदवी पूर्ण केलेल्यांना तेवढी सवलत होती.

ऑक्टोबर 2018 मध्ये पोर्टल आलं आणि परवानगी गेली. आता मुलाने कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या कार्यालयाला) लेखी सांगायचं, त्यांनी दोन कामाच्या दिवसांत नाव चढवायचं, की बाकीचे कोच फोन करायला मोकळे. 2021 मध्ये बाहेर बसायची अट पहिल्या बदलीपुरती गेली. दुसऱ्या बदलीला अट राहिली होती, त्यावर काही राज्यं कोर्टात गेली. डिसेंबर 2023 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल न्यायाधीशांनी एनसीएएला, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेला, थांबवलं, पुढे केंद्राचं न्याय खातंही राज्यांच्या बाजूने उभं राहिलं, आणि एप्रिल 2024 पासून अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा बदला आणि लगेच खेळा.

माझं मत विचाराल तर मोकळीक शंभर टक्के बरोबर. तुमचा कोच हंगाम संपताच गेला, त्याला कोणी वर्षभर घरी बसवलं का? 2021 मध्ये कोच लिंकन रायली ओक्लाहोमा विद्यापीठ सोडून यूएससीला गेले आणि ब्रायन केली नोट्र डेम सोडून एलएसयूला. पुढच्या हंगामात दोघेही मैदानाच्या कडेला हेडफोन लावून उभे. नियम फक्त एकोणीस वर्षांच्या पोरालाच का?

---

बकाय_वहिनी

ऑस्टिनकर, नियमांची माहिती छान, पण मी शेवंतीच्या नवऱ्याच्या बाजूची.

आम्ही ओहायोत कोलंबसला आलो तेव्हा मला या खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. शेजारच्या आजींनी सोफ्यावर बसवून शिकवलं. कुठला मुलगा कुठल्या गावचा, त्याचे वडील काय करतात, पहिल्या वर्षी तो बाकावर होता आणि चौथ्या वर्षी कसा कॅप्टन झाला, हे सगळं त्या सांगायच्या. शेवटच्या घरच्या सामन्याला चौथ्या वर्षाची मुलं एकेक करून मैदानात येतात, आईवडील फुलं घेऊन उभे असतात. मी कोणाचीच आई नसताना रडलेय तिथे. आता कार्यक्रमपत्रिका उघडली की निम्मी नावं नवी. हा मुलगा इथे आला कधी आणि तिसरं कॉलेज सोडून आला का, हे शोधण्यात पहिला क्वार्टर जातो. कुठेतरी टिकून राहण्याला किंमत नको?

---

अवखळ

वहिनी, कार्यक्रमपत्रिकेऐवजी आता रेल्वेसारखा आरक्षणाचा तक्ता लावतील, वेटिंग लिस्टसकट.

---

जुना_ऑस्टिनकर

वहिनी, तुमचं म्हणणं मनाला लागतं. पण जानेवारी 2025 मध्ये तुमच्या ओहायो स्टेटने राष्ट्रीय विजेतेपद घेतलं तेव्हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, कोण होता? विल हॉवर्ड, कॅन्सस स्टेटहून आलेला. बचावातला केलेब डाउन्स अलाबामाहून. धावणारा जडकिन्स ओल मिसहून. त्या रात्री तुम्ही फटाके वाजवले असतील!

---

बकाय_वहिनी

वाजवले. आणि शेजारच्या आजींच्या घरी जाऊन पेढेही दिले. हॉवर्ड एकच वर्ष होता पण आमचाच वाटला, खोटं कशाला बोलू. पण जो बरो 2018 मध्ये आमच्याकडून एलएसयूला गेला आणि 2019 च्या हंगामात हाइजमन (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा किताब) आणि विजेतेपद दोन्ही घेऊन गेला, ते अजून सलतं. इथे तो तीन वर्षं राहिला, पदवी घेतली आणि मग गेला. त्याच्यावर राग नाही. पदवी घेऊन जाणं मला पटतं.

---

वऱ्हाडी_ठेचा

अवांतर वाटेल, पण विषय तोच आहे. आपल्याकडे क्रिकेटमध्ये राज्य बदलायचं तर अजूनही आधीच्या संघटनेची एनओसी लागते. वसीम जाफर 2015 मध्ये मुंबई सोडून आमच्या विदर्भात आले. तेव्हा लोक म्हणत, उतारवयातला खेळाडू काय देणार. 2017-18 आणि 2018-19 असे सलग दोन रणजी करंडक नागपूरला आले. जामठ्याला त्यांना फलंदाजी करताना मी जवळून पाहिलंय. पृथ्वी शॉ 2025 मध्ये मुंबईहून महाराष्ट्राकडे गेला, यशस्वी जयस्वालने गोव्यासाठी एनओसी मागितली आणि नंतर मागे घेतली. बदल्यांनी खेळ बुडाला नाही, उलट एक संघ उभा राहिला. नेट्समध्ये आमच्या पोरांना जे शिकायला मिळालं ते एरवी मिळालं नसतं.

---

कोल्हापुरी_रांगडा

मी कबड्डी खेळायचो. बारावीनंतर एका कॉलेजने खेळाडू म्हणून घेतलं, फी माफ, वसतिगृह फुकट. दुसऱ्या वर्षी गुडघा दुखावला. कॉलेजने उपचाराला हात वर केले. दुसऱ्या गावचं कॉलेज घ्यायला तयार होतं, तिथे क्रीडाशिक्षक चांगले होते. पण जुन्या कॉलेजने टीसी दिली नाही. रोज जायचो, क्लार्क म्हणायचा साहेब नाहीत. साहेब असले की म्हणायचे, तुझ्यावर खर्च झालाय तो कोण देणार. ऑगस्ट गेला, प्रवेशाची मुदत गेली, माझं वर्ष गेलं. टेबलावर काचेखाली माझा शाळेचा दाखला दिसत होता. हात लांब केला असता तर मिळाला असता.

त्यामुळे शेवंतीताई, दोन दिवसांत नाव चढवायचं बंधन कॉलेजवर आहे हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोराला हक्क आहे तर तो वापरू दे. हात दिलाय म्हणता, पण समोरच्याने आधीच सोडवून घेतलाय.

---

शेवंती

रांगडादादा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, गुडघा बरा झाला का विचार.

---

कोल्हापुरी_रांगडा

पावसाळ्यात बोलतो थोडा. आता शाळेत पोरांना कबड्डी शिकवतो. सांगा त्यांना.

---

प्राजक्ता_मॅडिसन

मी एका विद्यापीठात शैक्षणिक सल्लागार आहे, बदली होऊन येणाऱ्यांच्या फाइली रोज हाताळते. वरची चर्चा वाचली, पण ज्याने मुलाचं खरं नुकसान होतं ते अजून कोणीच बोललं नाही. क्रेडिट्स.

एका कॉलेजातून दुसरीकडे गेलं की आधीचे विषय जसेच्या तसे मोजले जात नाहीत. समजा त्याने थर्मोडायनॅमिक्स केलंय. नवं कॉलेज अभ्यासक्रम बघतं, प्रयोगशाळेचे तास बघतं, आणि म्हणतं की आमच्या थर्मोशी हे जुळत नाही, आम्ही ऐच्छिक विषय म्हणून धरतो. कागदावर क्रेडिट दिसतं, पदवीत मात्र मोजलं जात नाही. इंजिनिअरिंगमध्ये हे फार होतं.

त्यात खेळाडूंसाठी एनसीएएची वेगळी अट आहे. तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचा 40 टक्के भाग पूर्ण हवा, चौथं सुरू होताना 60, पाचवं सुरू होताना 80. आणि हे टक्के नव्या कॉलेजच्या पदवीप्रमाणे धरतात. 128 क्रेडिटची पदवी असेल तर 40 टक्के म्हणजे 51.2, म्हणजे 52 लागतील. मुलाचे मे महिन्यापर्यंत साधारण 62 होतील असं धरू. त्यातले 12 बाद झाले की राहिले 50, आणि सप्टेंबरमध्ये तो गणवेश घालून बाहेर बसला. मग उन्हाळ्यात पदरचे पैसे भरून विषय करा, नाहीतर मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदला. मेकॅनिकलची मुलं सोप्या मेजरला जाताना मी बघितली आहेत. कोणी जबरदस्ती केलेली नसते. ज्या वाटेने सप्टेंबरमध्ये मैदानावर उतरता येतं ती वाट धरतात.

मोकळीक हवीच, ऑस्टिनकरांशी मी सहमत आहे. पण नियम बदलणाऱ्यांनी दार उघडलं आणि दारापलीकडे पायऱ्या आहेत का ते पाहिलं नाही. क्रेडिट घ्यायचं की नाही हे प्रत्येक कॉलेज आपलं आपण ठरवतं.

शेवंती, नाव घालण्याआधी: प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम पीडीएफ करून ठेवा, नुसतं नाव आणि ग्रेड पुरत नाही. ज्या कॉलेजचा फोन येईल त्यांच्याकडून क्रेडिटचा निर्णय लेखी मागा, तोही इंजिनिअरिंग विभागाकडून, कोचकडून नव्हे. आणि मुलाला आत्ता गुणवत्तेवरची फी सवलत आहे का? पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांना मिळते तेवढी सवलत बदली करणाऱ्यांना सहसा मिळत नाही.

---

अवखळ

उभं राहून टाळ्या. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवा.

---

तात्या_टंपा

प्राजक्ताताईंना अनुमोदन. आमची लेक विद्यापीठात खेळाडूंना गणित शिकवायला जायची, तासाला पैसे मिळायचे. एक भलाथोरला मुलगा होता, आक्रमक फळीतला, तिसऱ्या कॉलेजात आलेला. तिन्ही कॉलेजांत त्याला स्टॅटिस्टिक्सच घ्यायला लावलं, कारण आधीचं धरलं नाही. लेक सांगायची, त्याला ते इतकं पाठ झालं होतं की तोच शेजारच्या दोघांना शिकवायचा. वही बारकी दिसायची त्याच्या हातात, पण अक्षर मोत्यासारखं.

आता वेगळं बोलतो. पैशाचा विषय कोणी काढला नाही. जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. जून 2025 मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली, आता कॉलेजंच खेळाडूंना वाटा देतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. मग मुलं जास्त पैसे देणाऱ्याकडे जाणार नाहीत तर काय? टेनेसीचा क्वार्टरबॅक निको इयामालेआवा 2025 च्या वसंतात मोबदल्याची बोलणी फिसकटून यूसीएलएला गेला. हे शिक्षण राहिलं नाही, नोकरी झाली. नोकरी आहे तर करार करा, दोन वर्षांचा, दोन्ही बाजूंना बांधणारा. मग बदल्या आपोआप कमी होतील.

---

जुना_ऑस्टिनकर

तात्या, दोन्ही बाजूंना बांधणारा करार मलाही मान्य. पण मग कोच गेला तर मुलगा मोकळा, हे कलम त्यात हवं.

आणि त्या तडजोडीत शेवंतीताईंच्या मुलासारख्यांवरच संक्रांत आली. तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांना फुटबॉलमध्ये 105 जणांची मर्यादा पडली. पूर्वी मोठ्या संघांत 85 स्कॉलरशिपवाले आणि वर कितीतरी वॉक-ऑन असत. ती मुलं भराभर कमी झाली. त्या खटल्याच्या न्यायाधीश विल्केन यांनी याच मुद्द्यावर एप्रिलमध्ये मंजुरी अडवून धरली होती. शेवटी ज्यांची जागा गेली किंवा जाणार होती त्यांना मर्यादेबाहेर ठेवायची सोय झाली, पण घ्यायचं की नाही हे कॉलेजच्या मर्जीवर.

---

झुळूक

वॉक-ऑन होऊन कोणी मोठं झालंय का? शेवंतीच्या मुलासाठी विचारते.

---

जुना_ऑस्टिनकर

बेकर मेफिल्ड! 2013 मध्ये टेक्सास टेकला वॉक-ऑन म्हणून पहिल्याच वर्षी क्वार्टरबॅक झाला. स्कॉलरशिप मिळाली नाही, ओक्लाहोमाला गेला. 2014 चा हंगाम बाहेर बसला. एवढंच नाही, एकाच कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात) बदली केली म्हणून त्याचं एक वर्ष कापलं गेलं. ज्याला कॉलेजने एक डॉलर दिला नाही, त्याला सोडून गेल्याची शिक्षा! 2016 मध्ये कॉन्फरन्सने वॉक-ऑनसाठी नियम बदलला, त्याला ते वर्ष परत मिळालं, आणि त्याच परत मिळालेल्या वर्षात, 2017 मध्ये, त्याने हाइजमन जिंकलं.

2017 ते 2025 या नऊ हाइजमन विजेत्यांपैकी सात जण कॉलेज बदललेले आहेत. मेफिल्ड, मरे, बरो, विल्यम्स, डॅनियल्स, हंटर आणि परवाच जिंकलेला इंडियानाचा मेंडोझा, जो कॅलिफोर्निया विद्यापीठातून आला.

---

बकाय_वहिनी

यादीत नसलेलं एक नाव मी घालते. जेलन हर्ट्स. जानेवारी 2018 च्या अंतिम सामन्यात अलाबामाने त्याला अर्ध्यावर बसवलं आणि दुसऱ्या मुलाने सामना जिंकून दिला. सगळे म्हणाले हा आता जाणार. गेला नाही. वर्षभर बाकावर बसला. डिसेंबरमध्ये एसईसी या त्यांच्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात तो दुसरा मुलगा जखमी झाला, हर्ट्स उतरला आणि सामना फिरवला. त्याच महिन्यात पदवी घेतली आणि मग ओक्लाहोमाला गेला. पदवी हातात, मान ताठ. शेवंती, तुझ्या मुलाला ही गोष्ट सांग. राहा किंवा जा, पण पदवी सोडू नको.

---

वऱ्हाडी_ठेचा

वहिनी, आता तुम्ही आणि ऑस्टिनकर एकाच बाकावर आलात की!

---

शेवंती (4 जानेवारी)

नवीन वर्षाच्या शुभेच्छा सगळ्यांना. उशीर झाला, घर पाहुण्यांनी भरलं होतं.

प्राजक्ताने सांगितलं तसं केलं. मुलगा आणि त्याचे बाबा दोघं डायनिंग टेबलावर दोन दिवस बसून एकेक विषयाचा अभ्यासक्रम काढत होते. बाबाच जास्त उत्साहात. एका प्राध्यापकांनी सुट्टीत असूनही प्रयोगशाळेच्या तासांचं पत्र ईमेलने पाठवलं. 28 तारखेला नव्या कोचला मुलाने सरळ फोन केला. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही, म्हणाले किकर माझ्यासोबत येतोय, तू सरावाला ये, पण स्कॉलरशिपचा शब्द देत नाही. खरं बोलले याचं बरं वाटलं.

शुक्रवारी, 2 तारखेला, नाव घातलं. "सबमिट" त्याने बाबांना दाबायला लावलं.

---

प्राजक्ता_मॅडिसन

छान. फोन आले की क्रेडिटचं आधी विचारा, स्टेडियम नंतर बघा.

---

शेवंती (11 जानेवारी)

दोन कॉलेजांचे फोन आले. पहिलं मोठं, मैदान बघून मुलाचे डोळे विस्फारले. इंजिनिअरिंग विभागाचं उत्तर: 62 पैकी 49 धरू. 52 ला तीन कमी, म्हणजे उन्हाळ्यात एक विषय करावाच लागेल. दुसरं इंडियानातलं, लहान, आपल्यासारखंच. 57 धरतात, पुस्तकांचे पैसे देतात, आणि यंदाचा किकर मे महिन्यात पदवी घेऊन जातोय. थर्मो जसंच्या तसं घेतलं, ते पत्र कामी आलं.

मुलगा रात्रभर विचार करून सकाळी पोहे खाता खाता म्हणाला, आई, लहानवालं आधी बघून येऊ. पुढच्या आठवड्यात जायचंय. लाफायेटच्या आसपास कोणी मराठी आहे का? हॉटेलं महाग दिसतायत आणि हे गाडीने आठ-नऊ तास एका दमात नको म्हणतात.

---

नदीकाठची

मी रोज वाचते, लिहीत नाही कधी. लाफायेटलाच आहोत. वरची खोली रिकामी आहे, तिघंही या. जेवायला थालीपीठ चालेल ना? अंगणात बर्फ आहे, पण स्टँड आणलंत तर आमचे हे फावडं घेऊन जागा करून देतील, त्यांना चेंडू उडताना बघायचाय.

---

शेवंती

थालीपीठ धावेल! स्टँड गाडीत ठेवलंय. व्यक्तिगत निरोप पाठवते.